टाइम किती आला ते विचारा ना

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच. लांब होणार आहे पोस्ट, आधीच सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक स्विमिंगला जायची, त्यामुळे शालेय स्पर्धांना आम्हा पालकांना टायमर म्हणून बसवायचे. हातात स्टॉपवॉच, एक लेन तुमची, मुलाचा हात भिंतीला लागला की बटण दाबायचं आणि चिठ्ठीवर आकडा लिहायचा, एवढंच काम. त्या दिवशी माझ्या लेनला एक मुलगा होता, अकरा-बारा वर्षांचा असेल, उजवा हात कोपरापर्यंतच. ५० मीटर फ्रीस्टाइल. बाकीची मुलं पोचून लेनच्या दोरीला लटकली होती आणि हा अजून येत होता, सगळी गॅलरी उभी राहून टाळ्या वाजवतेय, माइकवरून जिद्दीला सलाम वगैरे चाललंय, माझेही डोळे भरून आले आणि घड्याळ गळ्यात सोडून मी पण टाळ्या वाजवायला लागले. तो भिंतीला टेकला, गॉगल वर केला आणि धापा टाकत विचारलं काय, तर "काकू, टाइम किती आला?"

माझं घड्याळ चालूच होतं.

रिझल्टच्या कागदावर त्याच्या नावापुढे टाइमच्या जागी नुसतं 'सहभाग' लिहिलं गेलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो काही बोलला नाही, टॉवेल घेऊन निघून गेला. नंतर त्याचे बाबा माझ्याकडे आले, हातात एक दोनशे पानी वही, त्यात तारखा आणि टाइम लिहिलेले, गेल्या दीड वर्षाचे. मी सॉरी म्हटलं, ते "असू द्या ताई, असू द्या" म्हणाले. मला आजही ते 'असू द्या' आठवलं की कसंतरी होतं. कारण दीड वर्ष पोरगं पहाटे उठून ज्याच्यासाठी पोहलं तो आकडा होता, आणि आम्ही त्याला टाळ्या दिल्या.

तेव्हापासून पॅरा स्विमर्सबद्दल, म्हणजे अपंगत्व असलेल्या पोहणाऱ्यांबद्दल, काही आलं की मी आधी टाइम शोधते, आणि खरं सांगू, बहुतेक वेळा सापडत नाही. अपघात कसा झाला, आई किती रडली, डॉक्टर काय म्हणाले, सगळं असतं. पोहला कसा ते नसतं!

मुरलीकांत पेटकर यांचंच घ्या. सांगली जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे, लष्करात बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली पांगळेपण आलं, आणि उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरले. 'चंदू चॅम्पियन' पिक्चर आल्यापासून हे घराघरात माहीत झालंय, चांगलंच झालं. पण किती जणांना माहीत आहे की १९७२ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात मारली? पाय चालत नसताना! जो पोहतो त्याला विचारा, किक नसली की पाय खाली जातात, अंग तिरकं होतं, पाणी छातीवर येतं, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला नुसतं पुढे जायचं नाही तर स्वतःचं बुडणारं अर्धं अंग वर धरून न्यायचं, आणि हे सगळं खांदे आणि दंडांवर. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ला, म्हणजे ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्कार तर २०२५च्या जानेवारीत. आणि त्या ३७.३३ नंतर आजतागायत पॅरालिंपिकच्या पोहण्यात भारताला एकही पदक नाही. हे मी परत परत सांगते लोकांना, कारण कुणाचा विश्वासच बसत नाही.

आता सुयश जाधव. करमाळ्याचा, आमच्या सोलापूर जिल्ह्यातला, त्यामुळे माझा जरा जास्तच जीव आहे. २००४ला, अकरा वर्षांचा असताना, विजेचा शॉक बसून दोन्ही हात कोपराखाली गेले. बातमी इथेच रेंगाळते. पण मला विचाराल तर खरी गंमत पुढे आहे. पोहताना पाणी धरतो तो तळवा आणि कोपराखालचा हात, कोच लोक ज्याला कॅच म्हणतात तो. तोच नाही. मग वेग आणायचा कुठून? छातीपासून सुरू होऊन कमरेतून पायापर्यंत जाणाऱ्या लाटेतून, म्हणजे डॉल्फिन किकमधून. स्टार्टनंतर पाण्याखाली जास्तीत जास्त १५ मीटर जाता येतं, तिथे हाताचं काही कामच नसतं. म्हणून ज्यात हीच किक मारतात तो बटरफ्लाय स्ट्रोक त्याच्या अंगाला बसला असणार असं माझं मत आहे. २०१८ला जकार्ताच्या एशियन पॅरा गेम्समध्ये ५० मीटर बटरफ्लाय, एस७ गट, ३२.७१ सेकंद, सुवर्ण. शिवाय दोन ब्राँझ. घरात दोन्ही हात धड असलेलं कोणी असेल तर त्याला क्लबच्या टाकीत ५० मीटर बटरफ्लाय मारायला सांगा आणि घड्याळ लावा. मग ३२.७१ काय चीज आहे ते कळेल.

हे एस७ म्हणजे काय तेही कोणी सांगत नाही. शारीरिक अपंगत्वाचे गट एस१ ते एस१०, आकडा जितका लहान तितकी अडचण जास्त. दृष्टी नसलेले किंवा कमी असलेले एस११ ते १३, बौद्धिक अपंगत्वाचा एस१४. ब्रेस्टस्ट्रोकसाठी एसबी, मेडलीसाठी, म्हणजे एकाच रेसमध्ये चारही स्ट्रोक मारायचे त्यासाठी, एसएम असा वेगळा हिशोब. त्यामुळे एकाच रेसमध्ये एकाला दोन्ही हात कोपराखाली नाहीत, शेजारच्याची एक बाजू लुळी, तिसऱ्याचे पाय अशक्त, आणि तरी ती रेस बरोबरीची धरली जाते. हा गट ठरवतात तपासून, आणि मोठ्या स्पर्धांसाठी तो आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेला लागतो, त्यासाठी बहुतेक वेळा परदेशी जावं लागतं. बरं, पुन्हा तपासणीत गट बदलला तर? काल पदकाच्या रांगेत असलेला माणूस आज त्याच टाइमला दहावा! वर्षानुवर्षांची मेहनत तीच, शरीर तेच. ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन ही पोरं रोज दोन-दोन सेशन मारतात.

टोकियो पॅरालिंपिकमध्ये सुयश १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला डिसक्वालिफाय झाला, किक नियमात बसली नाही म्हणून. मेडलीला घसा धरल्यामुळे उतरताच आलं नाही. तेव्हा कमेंटमध्ये लोक लिहीत होते की जाऊ दे रे, तिथवर पोचलास हेच खूप. माया कळते मला त्यातली. पण रिओ पॅरालिंपिकला क्वालिफाय होऊन गेलेल्या, अर्जुन मिळालेल्या खेळाडूला 'पोचलास हेच खूप'? बॅट्समन पायचीत झाल्यावर आपण असं म्हणतो का? तिथे तर पाय कुठे होता, बॅट कुठे होती यावर रात्रभर वाद घालतो. मग किक का चुकली यावर दोन मिनिटं बोलूया की. चूक झाली तर चूक म्हणणं हाही मानच आहे.

अमरावतीची कांचनमाला पांडे, डिसेंबर २०१७, मेक्सिको, जागतिक पॅरा स्विमिंग स्पर्धा, २०० मीटर मेडली, एसएम११, सुवर्ण. या ११ नंबरच्या गटात सगळ्यांना काळा केलेला गॉगल घालावा लागतो म्हणजे कोणाला किंचितही दिसायला नको. भिंत आली हे कळावं म्हणून काठावरून एक जण लांब काठीने टप करतो, टॅपर म्हणतात त्याला. टप जरा लवकर झालं तर टर्न, म्हणजे भिंतीशी वळणं, फसतो, उशिरा झालं तर डोकं भिंतीवर. मेडलीत चार स्ट्रोक, प्रत्येकाचा वेग वेगळा, म्हणजे टॅपरचा अंदाजही दर वेळी बदलायला हवा. जगज्जेती आहे ती. रस्त्यात पुढे आली तर आपल्यातले किती जण ओळखतील?

त्या वहीवाल्या मुलाला मी नंतर कधी पाहिलं नाही. कुठे असेल कोण जाणे.

लेकीनं दहावीला स्विमिंग सोडलं, मी मात्र अजून टायमरला जाते. मागच्या डिसेंबरात माझ्या लेनला एक मुलगी होती, तिचा एक पाय गुडघ्यापासून नाही. परत गॅलरी उभी, परत टाळ्या. मी अंगठा बटणावर ठेवून भिंतीकडे बघत राहिले. हात लागला, दाबलं. ५२.१८. तिला सांगितलं. "श्या, पन्नासच्या आत पाहिजे होतं," म्हणाली आणि तोंड पाडून पाण्यातच उभी राहिली. वर लोक अजून टाळ्या वाजवत होते, तिचं लक्षच नव्हतं, ती माझ्याकडे बघून विचारत होती, "काकू, टर्नला वेळ गेला का माझा?"