मानापमान ‘जसंच्या तसं’ कधीच नव्हतं

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. पाच महिन्यांनी, 10 जानेवारी 2025 ला, सुबोध भावे यांचा, त्याच नावाच्या जुन्या संगीत नाटकावरचा ‘संगीत मानापमान’ चित्रपट आला. या दोन्ही गोष्टींची सांगड घालणारा एक मजकूर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर अजून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ज्या रंगमंचावर बालगंधर्व आणि केशवरावांचं संयुक्त मानापमान झालं, तो आगीनं गिळला, आणि शंभर वर्षं जसंच्या तसं जपलेलं नाटक सिनेमानं गिळलं. मूळ चालींना तोवर कुणी हात लावला नव्हता, सिनेमानं नाटकाची कापाकापी केली, आणि सिनेमा तर नाटकाचा जुना वैरीच.

त्या रात्री खासबागेकडे, नाट्यगृहाकडे, धावलेल्या माणसांना त्यातलं दुःख कळेल, मलाही कळतं. पण दुःख खरं म्हणून विधानं खरी ठरत नाहीत.

आधी संयुक्त मानापमान, म्हणजे वेगवेगळ्या नाटक कंपन्यांच्या या दोन गायक नटांनी मिळून केलेला प्रयोग. तो प्रयोग 8 जुलै 1921 ला झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी, आणि झाला मुंबईत. नायिका भामिनी बालगंधर्वांची, नायक धैर्यधर केशवरावांचा. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव गेले. शाहू महाराजांनी उभारलेल्या, 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेल्या आपल्या नाट्यगृहाची थोरवी सांगायला मुंबईचा प्रयोग इकडे ओढून आणायची गरज नाही.

आता चाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक किर्लोस्कर मंडळीनं 1911 च्या मार्चमध्ये रंगभूमीवर आणलं. चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी. टेंबे आपल्या कोल्हापूरचे. त्याआधी संगीत नाटक म्हटलं की साकी, दिंडी असे जुने छंद, कीर्तनाचा बाज. टेंब्यांनी उत्तरेतल्या पूरबच्या ठुमरी-कजरीचा रंग मराठी पदांत आणला. म्हणजे आज ज्यांना आपण सोवळ्यात ठेवतो, त्या चाली त्या काळी अगदी नव्या होत्या. पुढेही त्या एका जागी थिजल्या नाहीत. बालगंधर्वांचं ‘नाही मी बोलत नाथा’ आणि मास्टर दीनानाथांचं ‘रवि मी’ लागोपाठ ऐका. एकीकडे शब्दाला बोटानं हलकेच कुरवाळल्यासारखी लय, दुसरीकडे तानांची धारदार, चपळ फेक. नाटक तेच, पण गायकी दोन टोकांच्या. दीनानाथांनी नाटकाचा अपमान केला असं कुणी म्हणत नाही. मग चित्रपटासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी आपल्या पद्धतीनं संगीत केलं, तर त्यांच्या चाली आवडल्या की नाही एवढंच बोलावं. मला स्वतःला त्यातला वाद्यांचा भरणा जड वाटतो. पण ही आवडनिवड झाली. त्याला पाप कशाला म्हणायचं?

कापाकापीच्या तक्रारीबद्दल फार बोलायला नको. संगीत नाटकं एके काळी रात्र-रात्र चालायची. आज तीन-साडेतीन तासांत बसवलेलं मानापमान आपण नाटकच म्हणून बघतो. कात्री सिनेमानं आणलेली नाही.

सगळ्यात जास्त खटकतं ते वैराचं विधान, आणि तेही कोल्हापुरात बसून केलेलं. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हेच इथल्या सिनेमाचे मूळपुरुष. बाबूरावांची ‘सैरंध्री’ 1920 ची. 1932 मध्ये प्रभात फिल्म कंपनीनं इथेच ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट केला. त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्रही टेंबेच. मानापमानच्या चाली बांधणारा माणूस स्वतः कॅमेऱ्यापुढे उभा राहिला, गायला. बालगंधर्वही 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. नाटक कंपन्या मोडल्या, बोलपटांनी त्यांचा प्रेक्षक नेला, हे खरंच आहे. पण माणसं आणि सूर इकडून तिकडे जात राहिले, हेही तितकंच खरं.

मग चित्रपटाला बोल लावायचाच नाही का? लावायचा, पण योग्य जागी. नाटकाचा जीव भामिनीच्या मनात आहे. श्रीमंतीच्या तोऱ्यात तिनं गरीब धैर्यधराला नाकारलेलं असतं, आणि पुढे गरीब वनमाला होऊन त्याच्यासमोर वावरताना तिच्या तोऱ्याचा एकेक पदर सुटत जातो. ‘खरा तो प्रेमा, ना धरी लोभ मनी’ हे पद तिच्या तोंडी आहे. रंगमंचावर गाणारी नटी ‘लोभ’ या एका शब्दावर परत परत येते. पहिल्यांदा तो दुसऱ्यांबद्दल वाटतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती स्वतःलाच सांगतेय हे समोरच्याला कळतं. मग वन्स मोअर येतो आणि ती ते सगळं पुन्हा, वेगळं करून दाखवते. ही मोकळीक ठरावीक लांबीच्या चित्रपटाला नाही. त्याच्या हातात चेहऱ्याचा क्लोजअप आहे. वैदेही परशुरामीच्या चेहऱ्यावर कॅमेरा आणखी रेंगाळला असता तर तेच काम झालं असतं. पण भव्य सेट, लढाया आणि सुमीत राघवनच्या चंद्रविलासाची कारस्थानं यांत भामिनीला स्वतःशी बोलायला उसंतच मिळत नाही. माझी तक्रार ही आहे, आणि ती चालींशी किंवा आगीशी जोडलेली नाही.