एक तारा द्या, मोकळे व्हा

पार्सल हातात पडल्यावर ते उघडायची घाई करू नका. आधी फोन उघडा. वस्तू कशी आहे ते सवडीने कळेल. मत मात्र गरमागरमच गेलं पाहिजे.

पार्सल दोन दिवस उशिरा आलं? उशीर कुरिअरवाल्याने केला असेल, पण एक तारा विक्रेत्यालाच द्या. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं आणि पानावर नाव त्याचंच असतं. मापाचा तक्ता न बघता शर्ट मागवला नि बटणं लागेनात, तर ‘साइज बोगस’ लिहून टाका. आपलं पोट हा वादाचा विषयच नाही.

विक्रेता नवखा असेल तर फारच उत्तम. दोघांनी पाच-पाच तारे दिलेत, तिसरे तुम्ही एक देता: सरासरी पाचावरून थेट 3.7! ‘चार तारे व त्याहून जास्त’ असा फिल्टर लावणाऱ्यांना तो आता दिसतसुद्धा नाही. हजारो तारे गोळा केलेलं बडं दुकान मात्र तुमच्या एका ताऱ्याने ढिम्म हलत नाही, तिथे ताकद वाया घालवू नका. अमेझॉनवर एक-दोन ताऱ्यांचा शेरा मिळालेली ऑर्डर सदोष धरतात आणि अशा ऑर्डरींचं प्रमाण 60 दिवसांत 1 टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. नाहीतर खातं निलंबित होऊ शकतं. त्या काळात जेमतेम पन्नास ऑर्डरी झालेल्याला तुमचा एकट्याचा अंगठा 2 टक्क्यांवर नेतो. एवढा अधिकार मतपेटीसमोरही मिळत नाही हो!

उलट शेऱ्याची भीती? ती गेली. ईबेवर पूर्वी विक्रेतेही गिऱ्हाइकाला वाईट शेरा देत, त्यामुळे काही मंडळी हात आखडता घेत. 2008 साली ईबेने विक्रेत्यांची ती सोयच काढून घेतली. आता त्यांनी बोलायचं तर गोडच.

मग एखाद्याचा मेसेज येतो: ‘सर, काय चुकलं सांगा. पैसे परत करतो, फक्त रेटिंगचं बघा.’ पैसे घ्या. रेटिंगचं विसरून जा.

आणि वस्तू खरोखरच झकास निघाली तर? काही लिहू नका. चांगली वस्तू मिळणं हा आपला हक्कच, त्यात सांगण्यासारखं काय? फारच आग्रह झाला तर चार तारे द्या. पाचवा नको, डोक्यावर बसतात.