मावशीने ज्या फॉरवर्डपायी अपॉइंटमेंट कॅन्सल केली

‘दाताचा इम्प्लांट म्हणजे जबड्यात खिळा!’ असं लाल अक्षरात सुरू होणारा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्या मावशीला तो तीन ग्रुपवरून आला आणि काल तिने अपॉइंटमेंटच कॅन्सल केली. (इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नवा दात.) दोन महिने खपून तयार केलं होतं तिला! डोकं फिरलंय, सांभाळून घ्या.

तर म्हणे वरच्या दातांच्या नसा डोळ्याला जोडलेल्या असतात, इम्प्लांट केला की नजर जाते. अहो, ज्या नसेमुळे दिसतं ती वेगळी आणि दातांची वेगळी. वरच्या मागच्या दातांना जपायचं असतं ते सायनसला, म्हणजे गालामागच्या पोकळीला, खालच्या जबड्यात ओठाकडे जाणाऱ्या नसेला, म्हणून तर आधी स्कॅन काढून हाड मोजतात.

पण खरा संताप आला तो चौथ्या मुद्द्याचा. ‘पडलेल्या दाताची जागा रिकामी ठेवा, हिरडी आपोआप घट्ट होते.’ होईल हो हिरडी घट्ट, आतल्या हाडाचं काय? चावण्याचा जोर मुळावाटे हाडाला मिळत असतो, मूळच गेलं की हाड झिजायला लागतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथली रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते, त्यातलंही बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. शेजारचे दात फटीत कलतात, समोरचा दात त्या जागेत सरकत येतो, आणि चार वर्षांनी इम्प्लांट करायला गेलात तर आधी हाड भरायचं आणखी एक ऑपरेशन. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, करता येतो, पण त्यासाठी बाजूचे धडधाकट दात घासावे लागतात आणि खालचं हाड झिजतच राहतं. कवळीचंही तेच, उगाच सैल होत नाही ती.

‘शरीर धातू बाहेर फेकतं’ म्हणे. टायटॅनियमला हाड चिकटून बसतं हो! स्वीडनच्या ब्रोनेमार्कना हे १९५०च्या दशकात सशाच्या हाडात दिसलं, १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले, आणि तो २००६ मध्ये गेला तेव्हाही ते जागेवर होते. चाळीस वर्षं! ‘मग एमआरआय करता येत नाही’ म्हणाल तर चुंबक टायटॅनियमला ओढत नाही, जबड्याजवळची इमेज जरा खराब येईल इतकंच. आणि वय? सत्तरीतही करतात. थांबायला सांगतात ते मुलांना, जबडा वाढत असतो म्हणून.

‘फेल होतात’ हे मात्र अगदीच खोटं नाही, मान्य करतो. तंबाखू, सिगारेट, वाढलेली शुगर, ब्रशचा आळस, यातलं काही असेल तर भोवतालची हिरडी सुजते आणि हाड जातं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषधं चालू असतील तर तेही आधीच सांगावं लागतं. ‘लाइफटाइम गॅरंटी’ देणाऱ्यावर माझाही विश्वास नाही. पण दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त टिकलेले असतात, हे त्या फॉरवर्डवाल्याला कोण सांगणार.

मावशीची शुगरही वाढलेलीच आहे, डॉक्टरांनी आधी तोच रिपोर्ट मागितला होता. तो काही तिने अजून काढलेला नाही. आणि त्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये शुगरचा एक शब्द नाही.