टाकीच्या नाकात बोल्ट

भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी तासभर मस्त चालते, मग गचके खाते आणि बंद पडते. पंधरा मिनिटांनी परत चालू. पंप गेला असेल का?" म्हटलं, पुढच्या वेळी बंद पडली की इंजिनाला हात लावू नकोस, टाकीचं झाकण उघड आणि नुसतं ऐक. दुसऱ्या दिवशी परत फोन. "अरे, एवढ्या जोरात फुस्स झालं की मी मागे सरकलो. आणि हवा बाहेर नाही आली, आत गेली!"

आठवड्यापूर्वीच त्याने गाडीच्या तडकलेल्या पेट्रोलच्या नळ्या बदलल्या होत्या. स्वतः, घरी, अगदी निगुतीने. "व्हेंटचं, म्हणजे टाकीला हवा पुरवणाऱ्या बारीक नळीचं काय केलंस?" विचारल्यावर उत्तर म्हणून त्याने मला एक मेसेज पाठवला. हाच मेसेज मला आधी तीन ग्रुपवरून आला होता आणि दर वेळी मी तो हसून पुसून टाकला होता. तो असा:

"पेट्रोल लाइन बदलताय? मेकॅनिक हे सांगणार नाही! टाकीवरची तिसरी बारीक नळी फक्त प्रदूषणाच्या नियमापुरती असते. बोल्ट टाकून ती कायमची बंद करा, पेट्रोल उडणं थांबेल, मायलेज वाढेल. तिच्यात नुसती हवा असते, जोडायचीच असेल तर कोणतीही नळी चालते. कोळशाचा डबा काढून टाका. लाइन तुंबली असेल तर कॉम्प्रेसरने हवा मारा. जुन्या गाड्यांना ही नळी नव्हतीच."

आधी बोल्ट. टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी काहीतरी आत यायला हवं. बाटली उलटी केली की पाणी बुडबुड करत का पडतं, हे शाळेतलं पोर सांगेल. मेसेज लिहिणाऱ्याला ते सुचलं नाही. व्हेंट म्हणजे टाकीचं नाक. आपल्याकडे नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे शब्दशः तेच झालं. तोंडावरचं झाकण उघडलं आणि गाडी चालू झाली.

हिशोबच करू. अर्ध्या भरलेल्या टाकीत वर २० लिटर मोकळी जागा आहे आणि इंजिनाने २ लिटर पेट्रोल ओढलं. तीच हवा आता २२ लिटरच्या जागेत पसरणार, म्हणजे दाब साधारण दहाव्या हिश्शाने उतरणार. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, म्हणून निम्मीच तूट धरा. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो, त्याचा विसावा हिस्सा ५० ग्रॅम. टाकीचा तळ ८० सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद असेल तर एकूण २४० किलो. चार धडधाकट माणसं खालून पाठ लावून पत्रा वर रेटतायत असं समजा. पत्र्याची टाकी ते किती दिवस सोसणार? गाडी उभी राहून रात्री टाकी थंड झाली की आतला दाब आणखी उतरतो, ते वेगळंच.

पंपाचे हाल निराळे. पेट्रोल साधारण ३५ अंशांपासून उकळायला लागतं, आणि दाब कमी झाला की त्याही आधी. टाकीतल्या पंपाच्या तोंडाशी मग बुडबुडे येतात, तो किंचाळायला लागतो आणि इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. त्या पंपाला गार ठेवण्याचं कामही तेच पेट्रोल करतं. माणूस पंप बदलतो, तासाभराने गाडी पुन्हा बंद पडते, आणि मग म्हणतो पंपच डुप्लिकेट निघाला.

आता नाइलाजाने दोन गोष्टी कबूल करतो. एक, बऱ्याच झाकणांमध्ये बाहेरची हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे व्हेंट बंद केली म्हणून प्रत्येक टाकी चेपतेच असं नाही. "मी दोन वर्षं बंद ठेवलीय, काही झालं नाही" म्हणणारे या व्हॉल्व्हच्या पुण्याईवर गाडी चालवतायत. भाच्याच्या झाकणातला व्हॉल्व्ह धूळ आणि गंज खाऊन घट्ट बसला होता. दोन, नळ्या बदलताना सुटी टोकं तात्पुरती बंद करायची असतात हे खरं आहे. त्याने कचरा आत जात नाही आणि वाफ बाहेर येत नाही. बोल्टची कल्पना बहुधा इथूनच निघाली आणि "काम होईपर्यंत" हे दोन शब्द वाटेत कुठेतरी गळले. मी स्वतः बुचाला लाल चिंधी बांधतो, म्हणजे काम संपताना विसर पडत नाही.

पेट्रोल उडतं आणि मायलेज वाढतं, हा दुसरा मुद्दा. व्हेंट थेट उघड्यावर सोडलेली असेल तर वाफ उडते, मान्य. म्हणून तर कोळशाचा डबा आला! अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७० पासून आणि देशभर १९७१ पासूनच्या नव्या गाड्यांना ही वाफ अडवणं सक्तीचं झालं. डब्यातला सच्छिद्र कोळसा वाफ धरून ठेवतो, आणि इंजिन चालू असताना डबा आणि इंजिन यांच्यामधली झडप, म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह, उघडली की ती वाफ इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेत (इनटेकमध्ये) ओढली जाऊन जळते. म्हणजे ज्या यंत्रणेमुळे उडणारं पेट्रोल परत इंजिनात येतं, तीच काढून फेकायची आणि पेट्रोल वाचलं म्हणायचं. धन्य आहे. शिवाय डबा काढलात की नव्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागतो. काही गाड्यांना अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीसुद्धा कळते, तुम्ही तर अख्खा डबाच उपटलाय.

"नुसती हवा असते, कोणतीही नळी चालते." नुसती हवा नसते, पेट्रोलची वाफ असते, आणि ती साध्या रबराला पेट्रोलसारखीच खाते. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी घातलीत तर काही महिन्यांत ती कडक होऊन तडकते. यात वादाला जागा नाही. इंधनाच्या नळ्यांचं एसएई (वाहन अभियंत्यांची अमेरिकन संस्था) जे३० हे मानक आहे. त्यातला आर७ वर्ग कमी दाबाच्या पेट्रोलसाठी आणि याच वाफेच्या लाइनसाठी आहे, तर इंजेक्शनच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेच्या) जास्त दाबाच्या बाजूला आर९ लागते. नळीच्या अंगावर ३०आर७ किंवा ३०आर९ छापलेलं असतं, ते वाचून घ्या. दुकानदाराने "पेट्रोलचीच आहे" म्हटलं म्हणजे छापलेलं आहे असं होत नाही. नळी टाकताना ती टाकीपासून वर चढत जाऊ द्या, मध्ये झोळ ठेवू नका. झोळात पेट्रोल साचलं की ते स्वतःच बूच होतं. आणि जुन्या नळ्या उपटण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. रिटर्न (इंजिनाकडून उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी लाइन) आणि व्हेंटची नळकांडी बऱ्याच टाक्यांवर शेजारी असतात. त्यांची अदलाबदल झाली तर पेट्रोल कोळशाच्या डब्यात जाऊ शकतं.

बोल्टने गाडी बंद पडते. कॉम्प्रेसरच्या सल्ल्याने माणूस जाऊ शकतो, म्हणून इथे मला खरा राग येतो. गॅरेजचा कॉम्प्रेसर ६-८ बारचा असतो (१ बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब). मघाच्याच तळावर १ बार दाब आला तरी तो ४,८०० किलो होतो. टाकीवरचे व्हॉल्व्ह तर त्याच्या कितीतरी कमी दाबासाठी केलेले असतात. पण फाटलेली टाकी परवडली, धोका वेगळाच आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेटते. बंद टाकीत ती एरवी याहून खूप दाट असते, म्हणून पेटत नाही. तुम्ही बाहेरून हवा कोंबलीत की दाट वाफ पातळ होते आणि बरोबर पेटणाऱ्या टप्प्यात येते. उरलेली वाफ टाकीच्या तोंडातून बाहेर पडते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे वर न जाता जमिनीवर, खड्ड्यात, गाडीखाली आडव्या झालेल्या माणसाच्या छातीशी साचते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे गार हवेचा भरवसा धरू नका. एक ठिणगी, एक फुटलेला बल्ब पुरतो. लाइन साफ करायचीच तर टाकीकडून आणि डब्याकडून, दोन्ही टोकांनी सोडवा, गाडीपासून लांब न्या आणि हलक्या दाबाने फक्त नळीतून हवा जाऊ द्या. डब्याकडे हवा मारलीत तर कोळशाचा चुरा पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

जुन्या गाड्यांना ही नळी नव्हती म्हणे. नळी नसेल, पण झाकणाला भोक होतं किंवा उघडं नळकांडं तरी होतं. नाक होतंच, फक्त ते दुसरीकडे होतं. तसलं उघडं नळकांडं असेल तर ते एकदा तपासा, कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते आणि बोल्टचं काम फुकटात करते.

रविवारी भाच्याकडे जाऊन बोल्ट काढला, ३०आर७ ची नळी टाकली, झाकण बदललं. गाडी आता बंद पडत नाही. पण टाकी खालून पाहिली तर तळ मधोमध बशीसारखा आत गेलेला. पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता फ्लोट त्या उंचवट्यावर टेकतो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा काटा पाव टाकीच्या खाली उतरतच नाही. टाकी बदलेपर्यंत तो पेट्रोल भरल्यावर किलोमीटर वहीत लिहून ठेवतो.