बारीक आहे म्हणून निर्धास्त?
मधुमेहावरच्या लेखातलं 'बीएमआय २३ च्या आत असेल तर काळजी नको' हे पटलं नाही (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन). पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो बघा. दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! अशा बारीक माणसाचे हातपाय काटकुळे, चरबी पोटात आणि यकृतात. वजनकाट्याला ती कळत नाही. टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून पोटाचा घेर मोजा (पोट आत ओढायचं नाही). पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० च्या वर गेलं तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, शिवाय ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासा. नुसत्या एचबीएवनसीवर (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) विसंबू नका, लोह कमी असेल तर तो आकडा फुगलेला येऊ शकतो.