आत्याचा आजारही सांगा

‘स्तनाचा कर्करोग आईकडून मुलीला येतो. आई, आजी, मावशी यांना नसेल तर निर्धास्त राहा. असेल तर तो टळत नाही, मग जनुकीय चाचणीवर पैसे कशाला घालवायचे?’ अशा आशयाचा संदेश घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. त्यातलं पहिलंच वाक्य सर्वांत घातक आहे.

आनुवंशिक स्तनकर्करोगात सर्वांत जास्त आढळतो तो बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांतला बिघाड. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये पहिल्या जनुकाची जागा १७व्या गुणसूत्रावर दाखवली. दुसरं १३व्या गुणसूत्रावर आहे. ही गुणसूत्रं आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी येतात. बिघाड आईत असो की वडिलांत, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो वा मुलगी. वडील स्वतः ठणठणीत राहू शकतात, म्हणून त्यांची बाजू कुणाच्या लक्षातच येत नाही. डॉक्टरांनी विचारलं की आपण आईच्या माहेरचं सगळं सांगतो आणि चाळिशीत कर्करोगाने गेलेल्या आत्याचं नावही काढत नाही. सांगा! आजीचा अंडाशयाचा, काकांचा प्रोस्टेटचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोगही सांगा, कारण हीच जनुकं तिथेही धोका वाढवतात.

‘निर्धास्त राहा’ हेही खोटं. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. बाकीच्यांपैकी बहुतेक बायकांना घराण्याने काहीच इशारा दिलेला नसतो. गाठ लागली तर दाखवायलाच हवी.

आता ‘टळत नाही’. या जनुकांपासून बनणारी प्रथिनं तुटलेला डीएनए सांधतात. ती सदोष असली की चुका साचत जातात आणि बाईला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनकर्करोग होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांवर जातो. आकडा मोठा आहे, पण शंभर नाही, आणि तो आधी कळला तर करण्यासारखं बरंच असतं. पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय करता येतो. मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या तर अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूपच घटतो. आजार झालाच, तर ओलापॅरिबसारखी औषधं पेशीतल्या याच दुबळेपणावर घाव घालतात. चाचणीचा निकाल माहीत नसेल तर यातलं बरंचसं हातचं जातं.

पैशांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. ही चाचणी सरसकट सगळ्यांनी करायची नाही. कमी वयात झालेला स्तनाचा कर्करोग, अंडाशयाचा कर्करोग, पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग किंवा घराण्याच्या एकाच बाजूला अनेक रुग्ण असतील तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. आणि शक्य असेल तिथे पहिली चाचणी आजारी व्यक्तीची करा. घराण्यातला नेमका बिघाड माहीत नसताना निरोगी मुलीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, तर तेवढ्यावरून तिचा धोका टळला असं म्हणता येत नाही. तो बिघाड आजारी आत्यात सापडला, तर भाचीला फक्त तेवढाच तपासून ठाम उत्तर मिळतं.