दाढ उघडायची सोडून गोळ्या कसल्या घेताय?

दाताच्या मुळाशी पू झाला की बरेच जण आधी अँटिबायोटिक शोधतात. मागच्या वेळची उरलेली स्ट्रिप, नाहीतर शेजारच्यांना लागू पडलेली गोळी. दंतवैद्य म्हणून मला याचा राग येतो, आणि पेशंटपेक्षा जास्त आम्हा डॉक्टरांचा येतो. दाढ उघडायला आज वेळ नाही म्हणून पाच दिवसांचा कोर्स लिहून देणं हा उपचार नव्हे.

गोळीतलं औषध रक्तातून पोचतं. दाताची नस मेली की आतल्या पोकळीत रक्त जातच नाही, आणि जंतू नेमके तिथेच, मुळातल्या बारीक नळ्यांच्या, म्हणजे कॅनलच्या, भिंतींना चिकटून असतात. तिथे हातानेच जावं लागतं. दात उघडून कॅनल फाइल नावाच्या सुईसारख्या हत्याराने साफ करायचे, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुवायचे, साठलेल्या पुवाला वाट करून द्यायची. दात वाचण्यासारखा नसेल तर काढायचा.

"पण गोळ्या घेतल्यावर ठणका थांबला होता की!" थांबतो ना. नस सुजलेली असते तोवर ठणकते, पूर्ण मेली की ठणका आपोआप जातो आणि श्रेय गोळीला मिळतं. संसर्ग मात्र मुळाच्या टोकाशी हाड पोखरत राहतो. नस जिवंत पण सुजलेली असेल तेव्हा तर अँटिबायोटिकने वेदनाही कमी होत नाही. तिथे वेदनाशामक लागतं, तेही किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर विचारूनच.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये हेच सांगितलं: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांना, दातावर लगेच उपचार होणार असेल तर, बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नाही. त्याच 2019 साली औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात अंदाजे 12.7 लाख माणसं थेट दगावली. विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी अशाच जिवाणूंना बळ देते. दातासाठी लिहिलेलीसुद्धा.

अँटिबायोटिकच्या विरोधात मी मुळीच नाही. ताप आला, अंग गळून गेलं, सूज पसरू लागली, तर ते द्यायलाच हवं, पण दातावरच्या उपचारासोबत. किती दिवस, हे डॉक्टरांनी पुन्हा तपासून ठरवावं.

आणि हनुवटीखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडखळू लागला, तर दवाखाना उघडायची वाट पाहू नका. रात्र असली तरी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.